तंजावरच्या दोन भिंती

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात व्यंकोजीराजांचे नाव एका ओळीत येई आणि त्या ओळीबरोबरच नाहीसे होई. शिवाजीमहाराजांचे हे सावत्र बंधू कावेरीच्या मुलखात राज्य करू लागले, एवढेच आम्हांला कळे. पुढे त्या राज्याचे काय झाले, हे गुरुजींनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मंडळींना घेऊन दक्षिणेत उतरलो, तेव्हा ती ओळ एकदा पुरी करून यावी, म्हणून मी तंजावर गाठले.

बृहदीश्वराच्या देवळासमोर उभा राहिलो आणि व्यंकोजीराजांना क्षणभर विसरूनच गेलो. दक्षिणेतल्या पुष्कळ देवळांची गोपुरे आभाळाला भिडतात आणि आत देवाच्या डोक्यावरचे शिखर मात्र बुटके असते. इथे उलट आहे. गोपुरे मान लववून उभी आहेत आणि गाभाऱ्यावरचे विमान दोनशे फुटांवर चढत गेले आहे. पहिल्या राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास हे काम पुरे केले. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे आमच्या वाटाड्याने मोठ्या भक्तिभावाने सांगितले. आमची धाकटी कन्या लगेच शोधाला निघाली आणि अंगणात आडवी पसरलेली ती सावली तिने सर्वांना दाखवली. वाटाड्या हसला, पण त्याने आपले म्हणणे मागे घेतले नाही.

प्राकाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडे गेलो, तेव्हा ज्यासाठी आलो होतो ते समोर दिसले. भिंतीवर ओळींमागून ओळी, आणि त्या आपल्या बाळबोध अक्षरांत, आपल्या मराठीत! सभोवार तमिळ आणि मध्येच ही भिंत. परमुलखातल्या बाजारात कोणी एकाएकी आपल्याला घरच्या नावाने हाक मारावी, तसे झाले. तो भोसले घराण्याचा इतिहास होता. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी तो इथे कोरवून घेतला.

मी मोठ्याने, जरा अडखळतच, वाचू लागलो. एवढ्यात मागून आवाज आला, "तुम्हांला हे वाचता येते काय?"

एक वृद्ध गृहस्थ उभे होते. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळाला भस्म. हेल पुरा तमिळ, पण शब्द मराठीच, तेही माझ्या आजीच्या वेळचे. म्हणाले, "घरी आम्ही हीच भाषा बोलतो. पण शाळा तमिळ झाली. ही अक्षरे मला येत नाहीत. लहानपणी आजोबा हात धरून आणीत आणि वाचून दाखवीत. पुष्कळ वर्षांत कोणी वाचले नाही."

मग मी त्यांच्यासाठी वाचले. मालोजी, शहाजी, शिवाजी, व्यंकोजी. प्रत्येक नावाला ते हलकेच मान डोलवीत होते. माझी छाती अभिमानाने फुगत चालली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण वाचता वाचता सालाचा विचार मनात आला आणि अभिमान थोडा ओसरला. सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख आणि तनखा एवढेच उरले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी हा लेख कोरला गेला. मला वाटते, हातचे राज्य गेलेल्या माणसाने आपण कोण, हे विसरले जाऊ नये म्हणून दगडाला सांगून ठेवले. पुढे १८५५ मध्ये त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलेसुरलेही खालसा केले. पुस्तकातली ती ओळ अशी पुरी झाली.

मी थांबलो तसे ते गृहस्थ म्हणाले, "आता माझी पाळी. चला." त्यांनी मला विमानाच्या पायथ्याशी नेले. तिथे जोत्याभोवती तमिळ लेखांच्या पट्ट्याच आहेत. हजार वर्षांपूर्वीची लिपी त्यांनाही सलग वाचता येत नव्हती. पण या देवळातले लेख त्यांनी छापील पुस्तकातून वर्षानुवर्षे वाचले होते. राजराजाने आज्ञा केली, की मी दिले ते, माझ्या थोरल्या बहिणीने दिले ते, राण्यांनी दिले ते आणि इतरांनी दिले तेही दगडावर कोरा. त्यात त्याच्या विजयांचे पोवाडे आहेतच. पण ते संपल्यावर हिशेब सुरू होतो. ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नावे एका लेखात आहेत. कोण कुठल्या देवळातून आली, तिला कुठल्या गल्लीत कितवे घर दिले, हेही आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात. ती वारली, तर तिच्या जागी कोणी यावे, तेही ठरवलेले. मग वादक, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, सुतार यांचे वाटे. आपले गाव सोडून येताना त्या चारशे जणींच्या मनात काय होते, ते मात्र दगड सांगत नाही.

मी विचारले, "तुमच्या पूर्वजांचे नाव आहे कुठे?"

ते हसले. "पणजोबा राजवाड्यात कारकून होते, असे घरात सांगतात. राजाच्या भिंतीवर कारकुनाचे नाव कशाला येईल?"

त्यावर मला उत्तर सुचले नाही. सरफोजीराजांनी पदरी उरलेल्या साधनांतून सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांचा तो ठेवा आजही तिथे आहे. त्यांना कमी लेखावे, असे माझ्या मनात नाही. पण त्या दुपारी दोन भिंतींमध्ये उभे असताना वाटले, की ज्याचे राज्य भरात आहे त्याला परटाचे नावही कोरायला जागा असते आणि ज्याचे राज्य गेले त्याला आधी स्वतःचे कुळ जपावे लागते. आणि तो कारकून? त्याची मराठी मात्र त्याच्या पणतवाच्या तोंडी अजून जिवंत होती.

रात्री गाडीत कन्येने वही काढून दोन नावे लिहिली. एक सरफोजी. दुसरे नक्कन् चेरमंगै, त्या चारशे जणींपैकी एक.

"बाबा, हिचा पत्ता काय म्हणाले ते आजोबा?"

"दक्षिण गल्ली, दक्षिणेकडची ओळ, पहिले घर."

तिने तो पत्ता नीट लिहून घेतला. सरफोजीराजांच्या नावापुढे काय लिहायचे, हे विचारायच्या आतच तिला झोप लागली.