फोन जुना झाला, हे ठरवले कोणी?

२ जानेवारी २०१९ रोजी ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना एक पत्र लिहिले. त्या तिमाहीत ८९ ते ९३ अब्ज डॉलरचे उत्पन्न अपेक्षित होते. ते ८४ अब्जांच्या आसपासच राहील, अशी ती कबुली होती. मुख्य कारण म्हणून चीनमधल्या मंदावलेल्या बाजाराकडे बोट दाखवलेले होते. पण त्याच पत्रातले एक दुय्यम कारण इतिहासाच्या अभ्यासकाने अधोरेखित करून ठेवावे असे आहे. काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली, आणि त्यामुळे नवा आयफोन घेतला नाही.

७९ डॉलरची बॅटरी २०१८ साली वर्षभर २९ डॉलरला बदलून मिळत होती. तेवढ्याने असंख्य 'म्हातारे' फोन पुन्हा तरतरीत झाले आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला त्याची नोंद घ्यावी लागली.

फोन किती वर्षांनी बदलावा हा प्रश्न वरवर खिशाचा आणि हौसेचा वाटतो. प्रत्यक्षात गेली शंभर वर्षे या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाच्या आधी दुसरेच कोणीतरी देत आले आहे. ते कोण आणि कसे, हे सांगणारा हा थ्रेड. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ काळ्या, जड, तारेने बांधलेल्या फोनपासून करू.

अमेरिकेत विसाव्या शतकाचा बहुतांश काळ घरातला फोन घरच्यांच्या मालकीचा नसे. तो बेल कंपनीचा असे. ग्राहक दरमहा भाडे भरी. बिघाड झाला तर कंपनीचाच माणूस येई. ग्राहकाने जोडणी सोडली की यंत्र परत जाई, साफसूफ होई आणि दुसऱ्या कोणाच्या घरी लागे. हे फोन बनवणारी वेस्टर्न इलेक्ट्रिकही बेलच्याच छत्राखालची. हेन्री ड्रेफस यांच्या आराखड्यातून १९४९-५० च्या सुमारास आलेले 'मॉडेल ५००' हे डायलचे यंत्र १९८० च्या दशकापर्यंत फारसे रूप न बदलता बनत राहिले. ते हातातून पडले तर फरशीची काळजी वाटावी, अशी त्याची बांधणी होती.

या टिकाऊपणामागे कोणतीही सात्त्विकता नव्हती, हिशेब होता. यंत्र बिघडले तर खर्च बनवणाऱ्याच्याच माथी येणार. मग ते वीस-वीस वर्षे न बिघडणे यातच बनवणाऱ्याचा नफा. मालकी कोणाकडे, यावर वस्तूचे आयुष्य कसे ठरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

मात्र या व्यवस्थेला 'सुवर्णकाळ' म्हणण्याची घाई करू नये. फोन टिकत असे, पण ग्राहकाला त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. 'हश-अ-फोन' नावाचे साधे टोपण, जे बोलणाऱ्याचा आवाज इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी बसवले जाई, तेही बेलला खपले नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९५६ साली निकाल टोपणाच्या बाजूने लागला. १९६८ च्या 'कार्टरफोन' निर्णयाने बाहेरची उपकरणे बेलच्या जाळ्याला जोडण्याचा मार्ग मोकळा केला. टिकाऊपणा होता तेव्हा स्वातंत्र्य नव्हते. स्वातंत्र्य आले तसा टिकाऊपणाचा हिशेबही बदलत गेला.

भारतात हीच गोष्ट सरकारी पोशाखात घडली. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीच आले होते, पण स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके फोन म्हणजे प्रतीक्षा यादी. यंत्र बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये (स्थापना १९४८) तयार होई आणि ते पोस्ट व तार खात्याचे असे. वर्षानुवर्षे नंबर लावून मिळालेल्या त्या ऐवजावर घरोघर क्रोशाचा रुमाल पडे आणि शेजाऱ्यांनी ऊठसूट ट्रंक कॉल करू नयेत म्हणून डायलला चिमुकले कुलूप लागे. 'फोन बदलायचा का?' हा प्रश्नच त्या पिढीच्या मराठीत नव्हता. 'फोन लागला का?' एवढाच होता. १९८४ साली ग्राहकाच्या घरातली उपकरणे बनवण्याची परवानगी खासगी उद्योगांना मिळाली आणि बाजारात बटणांचे, रंगीत, हलके फोन आले. फोन निवडण्याची वस्तू झाला तो तेव्हा.

आता जरा मागे, १९२४ साली, जिनिव्हात.

त्या वर्षी २३ डिसेंबरला जगातल्या बड्या बल्ब-उत्पादकांनी एक करार केला. जर्मनीची ओस्राम, नेदरलँड्सची फिलिप्स, फ्रान्सची कॉम्पानी दे लाम्प, शिवाय अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी बांधलेल्या कंपन्या. या संघटनेला इतिहासात 'फीबस कार्टेल' म्हणतात. बाजारपेठा वाटून घेणे हा तिचा मूळ उद्योग. पण ती प्रसिद्ध आहे दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या काळी बल्ब दीड ते दोन हजार तास चालत. कार्टेलने सर्वांसाठी १,००० तासांचे प्रमाण ठरवले. सदस्य कारखान्यांचे नमुने तपासले जात, आणि ज्याचा बल्ब प्रमाणापेक्षा अधिक जगे, त्याला दंड होई. वस्तू चांगली टिकली म्हणून शिक्षा!

व्हॉट्सॲपवर फिरणारी कथा इथेच संपते, आणि म्हणून ती अर्धवट आहे. बल्बच्या तारेचे एक शास्त्र आहे: ती जितकी अधिक तापवावी तितका उजेड अधिक आणि विजेचा वापर कार्यक्षम, पण तार लवकर तुटते. मंद तापवली तर बल्ब दीर्घायुषी, पण उजेड पिवळट आणि वीज वाया. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथला १९०१ पासून जळणारा सुप्रसिद्ध बल्ब आज जेमतेम रात्रीच्या दिव्याएवढा उजेड देतो, हे त्याच्या छायाचित्रांखाली क्वचितच लिहिलेले असते. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या अहवालात १,००० तास ही वाजवी तडजोड असल्याचे मान्य केले होते. तेव्हा फीबसचा दोष आकड्यात शोधू नये. तडजोड तांत्रिकदृष्ट्या योग्य असेलही. ती बंद दाराआड ठरली, तिच्याहून वेगळी तडजोड करू पाहणाऱ्याला दंड झाला, आणि ज्याच्या घरात दिवा लागायचा त्याला कोणी विचारले नाही. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

त्याच दशकात डेट्रॉइटमध्ये दुसरी युक्ती जन्माला येत होती, तिला वस्तू बिघडवण्याचीही गरज नव्हती. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ पासून जवळजवळ त्याच रूपात, दरवर्षी स्वस्त होत, दीड कोटींवर खपली. चालू गाडी असलेल्या माणसाला दुसरी गाडी विकायची कशी? जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी उत्तर शोधले: दरवर्षी नवे मॉडेल, नवे रंग, नवी ऐट. गाडी तीच धावते, पण शेजाऱ्याच्या गाडीपुढे ती जुनाट दिसते. १९२७ साली फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. आज दर सप्टेंबरात नव्या फोनचा सोहळा पाहताना ज्यांना काही अभूतपूर्व पाहत असल्याचे वाटते, त्यांनी स्लोन यांचे स्मरण करावे.

महामंदीत तर एका गृहस्थाने कहर केला. १९३२ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड लंडन यांनी एक पुस्तिका काढून मंदीवरचा उपाय सुचवला: सरकारने प्रत्येक वस्तूचे आयुष्य कायद्याने ठरवावे. मुदत संपली की वस्तू 'कायदेशीररीत्या मृत'. ती परत करून नवी घ्यावी. जुनी वापरत राहणाऱ्याने कर भरावा. कोणत्याही सरकारने हे मनावर घेतले नाही.

मोबाइलच्या आरंभी यातले काहीच लागू नव्हते. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. तो फोन बाजारात यायला दहा वर्षे गेली आणि किंमत होती ३,९९५ डॉलर. भारतातला पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. येणाऱ्या कॉललाही पैसे पडण्याचे ते दिवस. फोन बदलण्याचा विचार कोण करील?

बदलाचे वेळापत्रक आले ते पाश्चात्त्य देशांतल्या कंत्राटांतून. अमेरिकेत सेवा कंपन्या महागडा फोन नाममात्र किमतीत देत आणि ग्राहकाला दोन वर्षांच्या करारात बांधून ती रक्कम मासिक बिलातून वसूल करीत. करार संपला की नवा फोन. 'दोन वर्षांनी फोन बदलायचा असतो' हा जगभर पसरलेला संकेत कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. तो बिलाच्या चक्रातून आलेला आहे.

भारत या चक्रात सापडला नाही. इथे प्रीपेड रुजले, फोनची पूर्ण किंमत खिशातून रोख मोजावी लागली, आणि म्हणून हिशेब निराळा झाला. २००३ साली आलेला, टॉर्चवाला 'नोकिया ११००' जगभरात २५ कोटींहून अधिक खपला. नखाने मागचे झाकण काढावे आणि बॅटरी बदलावी. त्यासाठी ना दुकान लागे ना अवजार. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, दिल्लीत गफार मार्केट, आणि प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ 'मोबाइल रिपेअरिंग'ची टपरी. घरातही फोनची वंशावळ असे: नवा नोकरीला लागलेल्या मुलाकडे, त्याचा जुना आईकडे, त्याहून जुना गावाकडे काकांकडे. फोन बदलणे म्हणजे फोन टाकणे नव्हे, हे इथे कोणी शिकवावे लागले नाही.

ही साखळी मोडली ती बऱ्याच अंशी जाळ्याने. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. ती केवळ फोर-जी होती. खिशातला टू-जी किंवा थ्री-जी फोन कालपर्यंत ठणठणीत होता, आजही ठणठणीत होता, पण नव्या स्वस्त जगात त्याला प्रवेश नव्हता. काकांच्या हातातला नोकिया जुना झाला तो असा, काहीही न बिघडता.

आणि दुसरे कारण बॅटरी. २००७ च्या आयफोनमध्ये ती आत बंदिस्त होती आणि पुढच्या दशकात बहुतेक उत्पादकांनी तोच मार्ग धरला. लिथियम-आयन बॅटरी मात्र नश्वर आहे. साधारण ५०० पूर्ण चार्ज-फेऱ्यांनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, असे ॲपलच आपल्या तेव्हाच्या फोनांबद्दल सांगे. थकलेली बॅटरी अचानक लागणारी वीज पुरवू शकत नाही आणि फोन एकाएकी बंद पडतो. त्यावर उपाय म्हणून ॲपलने २०१७ च्या आरंभी एका अपडेटमधून अशा फोनांचा वेग गुपचूप कमी केला. त्या डिसेंबरात बोभाटा झाला, माफी मागावी लागली, आणि त्या माफीचाच भाग म्हणून २९ डॉलरची बॅटरी आली. २०२० साली फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला. वाचण्यासारखी आहे ती दंडामागची भूमिका: ठपका ग्राहकाला न सांगितल्याचा होता. वस्तुतः फ्रान्सने २०१५ सालीच मुद्दाम आयुष्य घटवणे हा गुन्हा ठरवला होता, तरी या प्रकरणात बोट ठेवले गेले ते मौनावर. इथे जिनिव्हाचा बल्ब आठवतो. तांत्रिक कारण खरे होते. लपवाछपवीही खरी होती. ग्राहकाला वाटले फोन म्हातारा झाला, म्हातारी झाली होती फक्त बॅटरी.

आज निर्णायक ठरते ते सॉफ्टवेअर. सुरक्षा अपडेट थांबले की यंत्र धडधाकट असूनही बँकेचे ॲप एक ना एक दिवस नकार देते. बर्नार्ड लंडन यांची 'मुदत संपलेली वस्तू' अशी मागच्या दाराने आली. तारीख मात्र सरकारऐवजी कंपनीने लिहिली. अनेक अँड्रॉइड फोनांना दोन-तीन वर्षांतच ही तारीख गाठत असे. ती लांबवता येते, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने 'पिक्सेल ८'साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने 'एस २४'साठी सात वर्षांची हमी दिली तेव्हा सिद्ध झाले.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला: विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे अपडेट, सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग, आणि ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. २०२५ साली दुरुस्ती-निर्देशांकाचा आराखडाही त्या विभागाकडे सादर झाला. तोवर दुकानात फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारता येतात: अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार, आणि बॅटरी बदलून द्यायला किती पडतील? विक्रेता बहुधा आत जाऊन कोणालातरी विचारून येईल.