खळ्यावरचं छप्पर

लाटव्हियन भाषेतला ‘रिया’ हा शब्द मराठीत आणताना ‘खळं’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण खळं म्हणजे उघडी जागा, डोक्यावर ऊन. बाल्टिक समुद्राकाठच्या ओल्या शरदात पेंढ्या उन्हात वाळत नाहीत. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी ओंडक्यांच्या भिंतींची, शाकारलेल्या छपराची काळोखी वास्तू बांधली; आत भट्टी पेटवून पेंढ्या सुकवायच्या आणि छपराखालीच मळणी करायची. ही रिया यानिस काल्मीते (१९०७–१९९६) या चित्रकाराने कित्येक दशकं पुन्हापुन्हा रंगवली. रंगवली, ती मात्र बव्हंशी अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात.

१९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य परतू लागलं, तेव्हा लाखाहून अधिक लाटव्हियन माणसं देश सोडून निघाली. जून १९४१ मध्ये सायबेरियाकडे गेलेल्या आगगाड्या त्यांच्या आठवणीत ताज्या होत्या. (निघालेल्यांत नाझी राजवटीला साथ दिलेलेही होते, तेवढं गाळून हा इतिहास सांगू नये.) रीगाच्या कला अकादमीचे संस्थापक, वितळत्या बर्फाचे चित्रकार व्हिल्हेल्म्स पुर्वीतिस जर्मनीत पोचले आणि जानेवारी १९४५ मध्ये तिथेच वारले. त्यांची कितीतरी चित्रं युद्धात नष्ट झाली. अस्थी रीगाला परतल्या १९९४ साली.

बाकीचे एस्लिंगेनसारख्या निर्वासित छावण्यांतून पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे पांगले. मागे मायदेशात समाजवादी वास्तववादाची सक्ती होती. साहजिकच, तिथे जे रंगवता येत नाही ते आपण जपायचं, अशी जबाबदारी परदेशातल्यांवर आली. मला या जबाबदारीतच धोका दिसतो. घर गमावलेल्या माणसाला भिंतीवर ओळखीचं शेतघर आणि बर्चची झाडं हवी असतात. ते मागणं समजण्यासारखं आहे, पण चित्रकार तेवढंच पुरवत राहिला तर त्याच्या कलेचं स्मरणवस्तूंचं दुकान होतं. तरुण निर्वासितांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या ‘यौना गाइता’ या नियतकालिकाने आधुनिक चित्रांना जागा दिली, ती म्हणूनच मोलाची.

काल्मीतेंनी तिसरीच वाट धरली. विषय सोडला नाही, हात मात्र बदलू दिला. रंगाचे थर जाड झाले, लाल-निळे पेटून उठले, भिंती विरघळल्या. उरला तो छपराचा अवजड, वाकलेला आकार. गाव आठवून काढलेलं चित्र म्हणून ते पाहू गेलं तर फसगतच व्हायची. त्यात अमेरिकेतल्या समकालीन चित्रकलेशी झालेली झटापटही आहे, आणि तरीही ती रियाच आहे.

आज लाटव्हियातल्या त्सेसिस गावी, परदेशी घडलेल्या या कलेसाठी एक केंद्र आहे. काल्मीतेंच्या मुलीने त्यासाठी पुढाकार घेतला. खरीखुरी जुनी रिया पाहायची, तर रीगाच्या वेशीवरल्या खुल्या लोकवास्तू संग्रहालयात जावं लागतं.