मोडी कागदांसाठी जाणकार सुचवताना

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत मोडी कागद असतात. इतिहास अभ्यासकांच्या ऑनलाइन समूहात त्यांचा फोटो टाकला की "अमुक यांना विचारा" अशी नावे लगेच येतात. बहुधा जो सर्वांत जास्त लिहितो त्याचेच नाव पुढे होते. तो त्या कागदाचा जाणकार असेलच असे नाही.

मोडीचे वळण काळानुसार बदलले आहे. शिवकालीन पत्रे वाचणारा पेशवाईतल्या अक्षराला अडू शकतो. शिवाय मोडीत शब्द सहसा तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. त्यामुळे अक्षर लागूनही अर्थ चुकतो. हिशेबाच्या कागदाला त्या काळची मापे आणि नाणी ठाऊक असलेलाच माणूस हवा.

तारखेवरून पारख होते. 'समान सबैन मया व अलफ' म्हणजे ८+७०+१००+१०००, शुहूर सन ११७८. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे : इ.स. १७७७-७८. जो असा हिशेब मांडून दाखवतो आणि न लागलेल्या अक्षराची जागा मोकळी सोडतो, त्याचे नाव निर्धास्त द्यावे. सगळेच सफाईने वाचून देणाऱ्याबद्दल मला तरी शंका येते.

नावासोबत त्याने कोणत्या काळाचे, कसले कागद वाचले आहेत तेही लिहावे. जमिनीचा किंवा वाटणीचा कागद असेल तर समूहातल्या वाचनावर व्यवहार करू नये. महाराष्ट्रात पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेते. ती उत्तीर्ण झालेल्याकडून सहीनिशी लिप्यंतर घ्यावे. मूळ कागद मात्र कोणालाही टपालाने पाठवू नये.