नीलकंठी: उजनीच्या काठावरचा लाजरा पाहुणा

भिगवणहून परतणाऱ्या बहुतेकांच्या कॅमेऱ्यात रोहित पक्ष्यांचे थवे असतात. त्याच काठावर पाणकणसाच्या बेटाखाली, ओल्या चिखलात, चिमणीएवढा नीलकंठी पळत असतो आणि सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. पावसाळ्यानंतर जलाशयाचे पाणी ओसरू लागले की कुंभारगाव, डिकसळ परिसरात चिखलाचे पट्टे उघडे पडतात. काही जागी गाळपेर होते, काही जागी लव्हाळे आणि पाणकणीस माजते. किडे टिपत जमिनीवर फिरणाऱ्या नीलकंठीला अशीच जागा लागते. युरोपपासून अलास्कापर्यंत आणि आपल्याकडे लडाखमध्ये वीण करणारा हा पक्षी महाराष्ट्रात फक्त हिवाळ्यात येतो. नीलकंठ म्हणजे चाष हा पक्षी वेगळा. नावांवरून गल्लत होऊ नये.

ओळखायची ती शेपटीवरून. चार पावले पळून तो थबकतो, शेपूट वर उडवतो, आणि बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग चमकतो. जोडीला पांढरी भुवई असते. लव्हाळ्याच्या शेंड्यावर ऐटीत बसलेला पक्षी बहुधा गप्पीदास निघतो. मादीचा गळा पांढुरका असून खाली काळसर माळ असते. नराचा निळा गळा आणि मधला तांबूस ठिपका हिवाळ्याच्या सुरुवातीला फिका, तुटक दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो खुलतो.

हा निळा रंग रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो त्याचा आहे. त्यात अतिनील किरणही परावर्तित होतात. नॉर्वेत १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत नरांच्या गळ्यावर अतिनील किरण अडवणारा लेप लावला, तेव्हा माद्यांनी त्यांच्याऐवजी लेप न लावलेले नर पसंत केले. म्हणजे मादीला दिसणारा गळा आपल्या साध्या कॅमेऱ्यात येतच नाही.

छायाचित्रासाठी सूर्य पाठीशी घेऊन, सकाळी लवकर, चिखलाच्या कडेला जवळजवळ आडवे पडून थांबावे. लेन्स ४०० मिलिमीटरच्या पुढची बरी. बीन बॅग ट्रायपॉडपेक्षा सोयीची. पक्षी ज्या फटीतून बाहेर येतो, तिथेच थोड्या वेळाने पुन्हा येण्याची शक्यता असते, म्हणून मागे धावण्यापेक्षा बसून राहणे फायद्याचे.

अडचण होते ती घाईमुळे. काही जण मोबाइलवर त्याचा आवाज वाजवतात, काही जण चौघे-पाचजण मिळून पाणकणीस तुडवत त्याला उघड्यावर हाकतात. एवढ्याशा पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. लपण्यात गेलेली सकाळ ही उपाशी सकाळ. शिवाय तुडवलेल्या बेटात त्याला आडोसा उरत नाही. नावाडी अशा जागा नेमक्या ओळखतात. होडी लांबच थांबवायला सांगितली, तर पक्षी अनेकदा स्वतःच कडेला येतो.