एक रचना, अनेक तबकड्या



रोडपालीत बसून जर्मनीतील एका जुन्या व्हायोलिन-रचनेच्या ध्वनिमुद्रिकांविषयी बोलावयाचे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. ज्या आगरी-कोळी मुलखात लग्नाचा विधी धवलारणीच्या गळ्यावर चालत आला, तेथे बाखचे काय काम, असा प्रश्न कोणी केला तर तो अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही व्याख्यानाच्या शेवटी देणार आहोत. तोवर एवढेच ध्यानात असू द्यावे की आजचा विषय नावाला संगीताचा असला तरी खरा इतिहासाचा आहे. भूतकाळाचा पुरावा म्हणून ध्वनीकडे कसे पाहावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम रचनेची ओळख करून घेऊ. योहान सेबास्टियन बाख याचा जन्म 1685 चा आणि मृत्यू 1750 चा. म्हणजे आपल्याकडे संभाजीमहाराजांच्या कारकीर्दीपासून नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीपर्यंतचा हा काळ. दोन व्हायोलिन आणि तंतुवाद्यांचा वृंद यांच्यासाठी त्याने डी मायनर या स्वरात एक कन्चेर्तो लिहिला. बहुतेक अभ्यासक ही रचना 1730 च्या सुमाराची मानतात. त्या वेळी बाख लाइपझिग शहरात होता, आणि तेथील एका कॉफीगृहात विद्यार्थ्यांचा व हौशी वादकांचा संगीतमेळावा चालवीत असे.

कन्चेर्तो म्हणजे एकल वादक आणि वृंद यांचे संभाषण. येथे एकल वादक दोन आहेत आणि दोघांचा मान सारखा आहे. एकाने वाक्य उच्चारावे, दुसऱ्याने तेच उचलून पुढे न्यावे, आणि पाहता पाहता पहिला कोण व दुसरा कोण याचा विसर पडावा, अशी तिची घडण आहे. आपल्या जुगलबंदीशी ती ताडून पाहण्याचा मोह होतो. परंतु जुगलबंदीत चढाओढीला वाव असतो, येथे तो नाही. येथे प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला आहे. तीन भागांपैकी मधला विलंबित भाग तर दोन माणसांनी एकमेकांना धीर द्यावा तसा चालतो.

स्वर लिहिलेले असल्यामुळेच इतिहासाच्या अभ्यासकाची मोठी सोय होते. दोन गवयांनी एकच बंदीश गायिली तर फरक बंदिशीचा किती, घराण्याचा किती आणि त्या दिवशीच्या मनःस्थितीचा किती, हे निवडणे कठीण. बाखच्या रचनेत मात्र स्वर तेच, क्रम तोच. मग दोन ध्वनिमुद्रिकांत जे निराळे ऐकू येते ते माणसाचे, यंत्राचे आणि काळाचे असते. बाखने लय किती ठेवावी याचा आकडा दिलेला नाही, जोर कोठे द्यावा याच्या खुणाही थोड्याच केल्या. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक पिढीने आपली सही केली आहे. त्यांतील काही सह्या आपण तपासू.

पहिली जानेवारी 1915 ची. अमेरिकेत फ्रिट्झ क्रायस्लर आणि एफ्रेम झिम्बालिस्ट यांनी ही रचना तबकडीवर उतरविली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादकांनी एका भोंग्यापुढे उभे राहावयाचे आणि आवाजाच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढावयाची, अशी रीत होती. मोठा वृंद भोंग्यात मावत नसे, म्हणून साथीला अवघे चार वादक घेतले. ध्वनी पातळ आहे, खरखर पुष्कळ आहे. तरी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्या काळची पद्धत, जिला आपण मींड म्हणू, ती स्पष्ट ऐकू येते. आता सालाकडे पाहावे. क्रायस्लर ऑस्ट्रियाचा. 1914 साली महायुद्ध पेटताच तो लष्करात रुजू झाला, रशियन फौजेशी लढताना जखमी झाला आणि सैन्यातून मोकळा होऊन अमेरिकेला गेला. झिम्बालिस्ट जन्माने रशियाचा. दोघांच्या मायभूमी एकमेकींशी लढत असताना हे दोघे एका भोंग्यापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तबकडीच्या खरखरीत ही गोष्ट ऐकू येत नाही. तारीख वाचली म्हणजेच ती कळते. तारखेवाचून ध्वनी मुका असतो, हा पहिला धडा.

दुसरी सही 1928 ची, व्हिएन्नाची. आर्नोल्ड रोझे हा 1881 पासून तेथील ऑपेराच्या व फिलहार्मोनिक वृंदाचा अग्रणी व्हायोलिनवादक. त्याने आपली कन्या आल्मा हिच्यासह ही रचना वाजविली. गुस्टाव्ह माहलर हा आल्माचा मामा. विजेच्या मुद्रणाची रीत 1925 पासून आली होती, त्यामुळे हा ध्वनी अधिक भरीव आहे. बापाचे वादन जुन्या वळणाचे, स्वर सरळ, कंप अगदी माफक. दहा वर्षांनी, 1938 साली, ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला. रोझे कुटुंब ज्यू. सत्तावन्न वर्षांच्या सेवेनंतर वृद्ध आर्नोल्डला दूर करण्यात आले. तो लंडनला पोहोचला. आल्मा कार्यक्रमांसाठी हॉलंडमध्ये गेली आणि जर्मन आक्रमणात तेथेच अडकली. फ्रान्समध्ये ती पकडली गेली आणि 1943 साली आउश्विट्झच्या छळछावणीत तिची रवानगी झाली. तेथे बंदिवान स्त्रियांच्या वाद्यवृंदाची ती संचालिका झाली. वृंद चांगला वाजला तर त्यातील मुली जिवंत राहतील, हे जाणून तिने कडक शिस्तीने तो घडविला. एप्रिल 1944 मध्ये ती छावणीतच मरण पावली. तिच्या वृंदातील बहुतेक स्त्रिया मात्र वाचल्या. आर्नोल्ड 1946 साली लंडनमध्ये वारला. बापलेकीचा तो मधला विलंबित भाग आज ऐकताना कान बाखकडे राहत नाहीत. पण येथेच अभ्यासकाने सावध राहावे. 1928 साली त्या दोघांना पुढचे काही ठाऊक नव्हते. त्यांच्या वादनात जे कारुण्य आपण ऐकतो, ते पुष्कळसे आपण मागाहून तेथे नेऊन ठेवलेले असते. पुरावा काय सांगतो आणि आपण त्याच्या तोंडी काय घालतो, हे वेगळे करणे हा दुसरा धडा.

तिसरी सही 1932 ची, पॅरिसची. सोळा वर्षांचा यहुदी मेन्युहिन आणि त्याचा गुरू जॉर्ज एनेस्कू. हा मेन्युहिन आपल्या परिचयाचा. 1952 साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला, दुष्काळनिधीसाठी त्याने कार्यक्रम केले, आणि मुंबईतच पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांशी त्याची गाठ पडून तो त्यांचा योगशिष्य झाला. गुरूपुढे नम्र होणे त्याला नवे नव्हते, हे 1932 च्या तबकडीवरूनच कळते. शिष्य पुढे धावत नाही, गुरू मागे खेचत नाही. कित्येक ठिकाणी दोघांचा आवाज वेगळा ओळखणे जड जाते. गुरुशिष्यपरंपरा ही केवळ आपलीच मिरास नव्हे, याची ती ध्वनिरूप साक्ष आहे.

पुढे दोन सह्या शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. 1937 साली पॅरिसमध्येच एडी साउथ आणि स्तेफान ग्रापेली यांनी, जँगो राइनहार्टच्या गिटारीच्या साथीने, पहिला भाग जॅझच्या चालीत वाजविला. एडी साउथ हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक. अभिजात संगीताचे शिक्षण असूनही वर्णभेदामुळे तेथील वाद्यवृंदांची दारे त्याला बंद होती. बाखच्या घरात तो असा दुसऱ्या दाराने आला. आणि 1946 साली याशा हायफेट्झने दोन्ही व्हायोलिनांचे भाग स्वतःच वाजविले. यंत्राच्या साहाय्याने एक मुद्रण दुसऱ्यावर बसविण्यात आले. सफाई अजोड आहे. पण ज्या रचनेचा जीव संभाषणात आहे तिथे एकच माणूस स्वतःशी बोलतो, आणि उत्तर काय येणार हे प्रश्नाआधीच ठरलेले असते. यंत्र काय करू शकते हे त्या तबकडीने दाखविले. काय करू शकत नाही, तेही तिनेच दाखविले.

1970 नंतर नवी हवा आली. बाखच्या काळी तारा आतड्याच्या होत्या, गजाची घडण निराळी होती, पट्टीही आजच्याहून उतरलेली असे, असे म्हणत सिगिस्वाल्ड कॉयकेनसारख्या वादकांनी जुन्या वाद्यांवर जुनी पद्धत शोधून काढली. लय चपळ झाली, कंप कमी झाला, मींड जवळजवळ गेली. हेच खरे बाख, असे काहींनी उत्साहाने म्हटले. संशोधन मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु 1730 च्या कॉफीगृहातील तबकडी कोणापाशीच नाही. 1915 च्या वादकांनी आपली भावना बाखमध्ये ओतली, तशी नव्यांनी आपली स्वच्छतेची आवड ओतली. प्रत्येक तबकडी बाखविषयी थोडे सांगते आणि स्वतःच्या काळाविषयी पुष्कळ सांगते. म्हणून कोणती तबकडी श्रेष्ठ, हा प्रश्न आम्ही रसिकांवर सोपवितो. इतिहासाला एकच तबकडी पुरत नाही. एक साक्षीदार म्हणजे गोष्ट. दोन साक्षीदार उभे राहिले की तपास सुरू होतो.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. धवळे हा प्रकार मराठीत नवा नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने धवळे रचिले. ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. आपल्या मुलखातील धवलारीण लग्नात धवळे गाते तेव्हा ती नुसती गाणी म्हणत नसते, विधी चालवीत असते. तिचे शब्द कागदावर नाहीत, स्वर तर नाहीतच. एका धवलारणीचे कडवे दुसरीच्या तोंडी थोडे बदलते. सासूकडून सुनेकडे येताना आणखी बदलते. बाखचे मुद्रण एकही झाले नसते तरी त्याचा कागद उरला असता. धवलारणीचा गळा गेला की मागे काहीच उरत नाही.

1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि या पट्ट्यातील शेती व मिठागरे यांच्या जागी नवे शहर उभे राहू लागले. कळंबोलीला लोखंडाचा बाजार आला, इमारती गावाच्या अंगणापर्यंत पोहोचल्या, आणि 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली. या बदलाबद्दल गळा काढण्यासाठी आम्ही आलेलो नाही. आम्ही एक काम सांगावयास आलो आहोत. आज प्रत्येकाच्या खिशात मुद्रणाचे यंत्र आहे, तेही क्रायस्लरच्या भोंग्याहून कितीतरी सरस. ज्या घरी धवळे येणारी आजी असेल, तिचा आवाज मुद्रित करावा. एका आजीवर थांबू नये; तोच धवळा शेजारच्या गावातील दुसरीकडूनही घ्यावा, आणि जमल्यास तिच्या सुनेकडूनही. प्रत्येक मुद्रणाबरोबर नाव, गाव, तारीख, आणि ती कोणाकडून शिकली हे लिहून ठेवावे. सफाईच्या हव्यासाने खोकला, हसू, मध्येच विसरलेले कडवे कापू नये. उद्याच्या अभ्यासकाला तेच हवे असेल.

बाखच्या तबकड्या जगातील पेढ्यांनी जपल्या, कारण त्यांना गिऱ्हाईक होते. धवळ्यांना गिऱ्हाईक नाही, वारस आहेत. ते या मंडपात बसले आहेत, आणि येती लग्नसराई दूर नाही.