नेम धरणाऱ्या गोळ्याची कुळकथा

उपग्रहाच्या संकेतांवरून आपली वाट आपणच सुधारीत सांगितलेल्या जागी जाऊन पडणारा तोफगोळा ही अगदी अलीकडची निपज असली, तरी ज्या दोषावर उतारा म्हणून तो जन्मास आला, तो दोष आमच्या मराठवाड्याने फार पूर्वीच जवळून पाहिलेला आहे. 1760 च्या प्रारंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेस उदगीर-औसा भागात कोंडीत धरले, तेव्हा पेशव्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता. आणि गंमत अशी, की फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला हा सरदार त्यापूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. तहात निजामास 60 लाखांचा मुलूख सोडावा लागला. उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले आज लातूर जिल्ह्यात आहेत.

त्या काळच्या तोफेची रचना पाहावी म्हणजे गोलंदाजाची अडचण ध्यानात येते. गोळा नळीपेक्षा किंचित लहान ठेवावा लागे, त्यामुळे बत्ती देताच तो नळीच्या अंगास आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल त्याच्या उलट बाजूस कलंडे. दारूची प्रत दर खेपेस सारखी नसे. तोफेच्या बुडाखाली पाचर सरकवून, डोळ्याने शिस्त धरून जे साधेल तेवढेच साधायचे. पाव-अर्ध्या कोसापलीकडे नेम हा बव्हंशी दैवाधीन. गारद्याचे कसब खरे होते, परंतु ते गोळा नळीतून सुटेपर्यंतचे. त्यानंतर गोळ्यावर कोणाचाही अंमल उरत नसे.

नळीच्या आतल्या बाजूस चक्राकार आटे पाडण्याची आणि गोळा लांबट करण्याची सुधारणा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, तेव्हा पल्ला वाढला. मात्र पल्ल्याबरोबर चूकही वाढली, कारण वारा, हवेची घनता आणि दारूचे तापमान ही मंडळी दूरच्या प्रवासात अधिकच हात दाखवितात. सुटलेल्या गोळ्यास बुद्धी द्यावी, ही कल्पना कागदावर सोपी वाटते. पण तोफेतून सुटताना गोळ्याच्या आतील वस्तूंवर गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट भार येतो. एवढ्या धक्क्यात नाजूक यंत्र टिकते, हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी सिद्ध केले. विमानाच्या समीप येताच आपोआप फुटणाऱ्या गोळ्यात त्यांनी रेडिओच्या चिमुकल्या काचनलिका बसविल्या आणि जानेवारी 1943 मध्ये प्रशांत महासागरात तो गोळा वापरला. माझ्या मते या घराण्याचा मूळपुरुष तोच.

1970 नंतरच्या दशकात लेसरच्या किरणामागे जाणारा गोळा आला, आणि 1973 मध्ये आरंभिलेल्या जीपीएस योजनेने पुढची पायरी शक्य केली. अमेरिका व स्वीडन यांनी मिळून घडविलेला 155 मिलिमीटरचा एक्सकॅलिबर 2007 मध्ये इराकात प्रथम रणांगणावर वापरला गेला. गोळा नळीत घालण्यापूर्वी एका लहान उपकरणाने लक्ष्याचे अक्षांश-रेखांश त्याच्या नाकात भरतात. सुटल्यावर मागचे पंख उघडतात, पुढचे पंख दिशा फिरवितात, आणि सुमारे 40 किलोमीटरवर तो काही मीटरांच्या आत पडतो.

कारगिलच्या युद्धात परकीय उपग्रहांची माहिती आपणास नाकारली गेली असे सांगतात. पुढे जीपीएससारखी स्वतःची ‘नाविक’ ही दिशादर्शक प्रणाली उभारण्यासाठी 1 जुलै 2013 रोजी तिचा पहिला उपग्रह गेला. एक्सकॅलिबर गोळे भारताने 2019 मध्ये तातडीची खरेदी म्हणून घेतले. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने घडविलेल्या पिनाक अग्निबाणाचा मार्गदर्शित अवतार हा याच कुळातला, जरी तो तोफेतून नव्हे, स्वतःच्या इंधनावर उडतो.

या अचूकतेचेही एक वर्म आहे. वीस हजार किलोमीटरवरून येणारा उपग्रहाचा संकेत पृथ्वीवर पोहोचेतो अत्यंत क्षीण झालेला असतो, आणि तो गोंगाटाने बुजविणे कठीण नाही. युक्रेनमध्ये रशियनांनी तसे केले, तेव्हा एक्सकॅलिबरचा नेम पुष्कळ ढासळल्याच्या बातम्या आल्या. त्याचा लेसरचा डोळा असलेला एक भाऊबंदही आहे. मात्र लक्ष्यावर किरण धरून ठेवणारा सैनिक अथवा ड्रोन त्याच्यासाठी कोठे तरी जवळपास लागतोच.