शोकात्म नायक (मराठी नाटकातील)

ग्रीक शोकांतिकेचा नायक थोर असतो. त्याला नियती घेरते आणि स्वतःची चूकही भोवते. सोफोक्लीझचा ईडिपस नकळत पित्याचा वध करतो, मातेशी विवाह करतो आणि सत्य उलगडताच स्वतःचे डोळे फोडून घेतो. अशा प्रमादाला ॲरिस्टॉटलने ‘हॅमार्शिया’ म्हटले. पु. ल. देशपांडे यांनी ईडिपसचे हे नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले.

मराठीत स्वतंत्र शोकात्म नाटक मात्र याच्या कितीतरी आधी आले होते; वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) हे त्यातले आरंभीचे.

पुढे राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकामधील सुधाकर ईडिपसच्या जवळ जातो, पण त्याच्यामागे कोणतीही भविष्यवाणी नाही. हा बुद्धिमान, मानी वकील न्यायालयातील अपमानाने दुखावतो, तळीरामाच्या आग्रहाने पहिला प्याला घेतो आणि व्यसनात बुडतो. नशेत तो पोटच्या मुलाचा आणि पत्नी सिंधूचा घात करतो. भान येताच दारूत विष कालवून पितो. येथे नियतीची जागा मानी स्वभाव आणि व्यसन घेतात.

गडकरींच्या निधनानंतर १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस सुधाकर, तर बालगंधर्व सिंधू झाले.